मूल्यविचार, तज्ज्ञप्रणाली आणि काळी जमीन

इमारतीचा खर्च आणि इमारतीचे मूल्य ह्या दोन कल्पना एक नव्हेत. खर्च रुपयांत सांगता येतो. मूल्य मात्र इमारतीने करावयाचे कार्य आणि त्यासाठी तिच्या आयुष्यभरात पडणारा खर्च ह्यांच्या प्रमाणावरून ठरते. हा विचार पद्धतशीरपणे प्रथम कारखान्यात मांडला गेला. दुसऱ्या महायुद्धातील मालटंचाईच्या अनुभवावरून लॉरेन्स माइल्स ह्यांनी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९४७ च्या सुमारास त्याला शास्त्राचे रूप दिले.

वास्तुरचनेत हा विचार लागू करताना एक अडचण येते. खर्चाचे मोठे निर्णय आरंभीच होतात आणि त्याच वेळी माहिती सर्वांत थोडी असते. अशा प्रसंगी अनुभवी माणसाचा अंदाज उपयोगी पडतो. पुण्याचे अभियंते र. श्री. देशपांडे ह्यांनी असा अनुभव ग्रंथबद्ध केला; 'चीप अँड हेल्दी होम्स फॉर द मिडल क्लासेस ऑफ इंडिया' हे त्यांचे पुस्तक १९३५ चे. परंतु ग्रंथ वाचकाला उलट प्रश्न विचारीत नाही. तज्ज्ञप्रणाली तो विचारते, हा तिचा विशेष होय.

स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६५ साली सुरू झालेल्या 'डेंड्रल' प्रकल्पाने रसायनशास्त्रज्ञाचे ज्ञान संगणकाला देता येते हे दाखविले. पुढे 'मायसिन'ने वैद्याचा निर्णय 'जर-तर' नियमांत बसविला. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८४ साली मेरी लू माहेर ह्यांनी उंच इमारतींच्या प्राथमिक आराखड्यासाठी 'हाय-राइज' प्रणाली रचली. इंग्लंडमध्ये सॅलफर्ड विद्यापीठाच्या 'एल्सी'ने कचेऱ्यांच्या इमारतींच्या अंदाजपत्रकाचा प्रश्न हाती घेतला. भारत सरकारचा ज्ञानाधिष्ठित संगणकप्रणालींचा कार्यक्रम १९८६ साली सुरू झाला. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने अशा नियमांसाठी तयार केलेल्या सांगाड्याचे नाव 'विद्वान' असे होते.

ह्या विद्वत्तेची कसोटी नंदुरबार जिल्ह्यातील पुरुषोत्तमनगरासारख्या ठिकाणी लागते. शहादे तालुक्यातील ही साखर कारखान्याची वसाहत तापीच्या खोऱ्यात आहे. ह्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पायावरील भिंतींना तडे पाडते. केवळ आरंभीचा खर्च मोजणारी प्रणाली उथळ पायाला काटकसर ठरवील. मूल्य मोजणारी प्रणाली मात्र आधी विचारील की, मुरूम किती खोल आहे? तो जवळ असेल तर पाया मुरमापर्यंत न्यावा. फार खोल असेल तर तळाशी कंदासारखे फुगविलेले काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवावेत. ही दुसरी रीत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली. पहिली रीत गवंड्यांना पूर्वीपासून ठाऊक होती.

छपराचेही तसेच. खानदेशी मातीचे धाबे उन्हाळ्यात घर थंड ठेवते, पण त्याची वरचेवर डागडुजी लागते. पत्रा स्वस्त व सोपा. त्याची झळ मात्र राहणाऱ्याला सोसावी लागते. बांधणारा एक आणि राहणारा दुसरा असेल, तेथे कोणाच्या दृष्टीने मूल्य मोजावयाचे, हे नियम लिहिण्यापूर्वीच ठरवावे लागते.

तज्ज्ञप्रणालींच्या इतिहासात यंत्राच्या वेगापेक्षा ज्ञान मिळविण्याची अडचण मोठी ठरली. तज्ज्ञाला स्वतःचे ज्ञान शब्दांत सांगणे कठीण जाते, आणि तज्ज्ञ कोणाला म्हणावे हेही आधीच गृहीत धरलेले असते. वास्तुरचनेत अभियंत्याबरोबर गवंडी आणि घरात राहणारी गृहिणी ह्यांनाही विचारले नाही, तर प्रणालीचे उत्तर तर्कशुद्ध असूनही घर तडकेल.