दाब सावरणारा दूत

अपघातात लिटरभर रक्त गेलं तरी धडधाकट माणसाचा रक्तदाब पुष्कळदा लगेच कोसळत नाही. हृदयाचे ठोके वाढतात, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. या सावरण्यात मेंदूने रक्तात सोडलेल्या एका रसायनाचा वाटा आहे. ते म्हणजे व्हॅसोप्रेसिन.

त्याची पहिली चाहूल १८९५ सालची. हॅरोगेटचे डॉक्टर जॉर्ज ऑलिव्हर आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले एडवर्ड शेफर यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क प्राण्यांच्या शिरेत टोचला आणि रक्तदाब चढला. हा गुण ग्रंथीच्या मागच्या पाळीतला, हे बाल्टिमोरच्या विल्यम हॉवेल यांनी १८९८ मध्ये दाखवलं. पुढे १९१३ मध्ये इटलीत फारिनी यांनी आणि जर्मनीत फॉन डेन वेल्डेन यांनी हाच अर्क सतत पाण्यासारखी लघवी होणाऱ्या रुग्णांना दिला. त्यांची लघवी आटोक्यात आली. त्यासाठी अगदी थोडी मात्रा पुरत होती. दाब चढवायला मात्र बरीच जास्त लागे. त्यामुळे या रसायनाचं खरं काम पाणी राखण्याचं, दाब वाढवणं हा केवळ प्रयोगशाळेतला परिणाम, असं पुष्कळ वर्षं मानलं गेलं.

ते तयार कुठे होतं, हा प्रश्न उरलाच होता. मला या सगळ्या कुळकथेत अर्न्स्ट शारर यांचं काम सर्वांत धाडसी वाटतं. म्युनिकमध्ये कार्ल फॉन फ्रिश यांच्या हाताखाली शिकलेल्या या तरुणाला १९२८ मध्ये एका लहानशा माशाच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात ग्रंथीसारखा स्राव भरलेल्या चेतापेशी दिसल्या. चेतापेशी संदेश वाहते, स्राव ग्रंथी करते, ही तेव्हाची पक्की समजूत. शारर यांचं म्हणणं बहुतेकांनी उडवून लावलं. पत्नी बेर्टा यांनी मग झुरळांसारख्या अपृष्ठवंशी प्राण्यांत तशाच पेशी शोधल्या. नाझी राजवटीत राहायचं नाही म्हणून दोघांनी १९३७ मध्ये जर्मनी सोडली आणि अमेरिकेत काम चालू ठेवलं. अखेर १९४९ मध्ये कीलच्या वोल्फगांग बार्गमान यांनी एका खास रंगद्रव्याने हायपोथॅलॅमसपासून पीयूषिकेच्या मागच्या पाळीपर्यंत त्या स्रावाची अखंड वाट दाखवली. म्हणजे ग्रंथीची ती पाळी नुसतं कोठार, माल मेंदूचा. व्हॅसोप्रेसिन हे नऊ अमिनो आम्लांचं असल्याचं उलगडून विन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. त्यांना १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

रक्त गेल्याची खबर हायपोथॅलॅमसमधल्या या पेशींना देतं कोण? मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतीतले चेतातंतू दाबाची बातमी मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला सतत पाठवत असतात. दाब उतरला की त्यांचे संदेश विरळ होतात आणि व्हॅसोप्रेसिनच्या स्रावावर एरवी चालू असलेला अटकाव सुटतो. लंबमज्जेतून ही खबर पुढे कशी जाते, याचा धागा एका वेगळ्याच प्रयोगातून मिळाला. स्वीडनमध्ये डालस्ट्रॉम आणि फुक्से यांनी १९६४ मध्ये मेंदूचे काप फॉर्माल्डिहाइडच्या वाफेत धरून पाहिले. नॉरअॅड्रेनालिन असलेल्या पेशी हिरव्या चमकत, सेरोटोनिन असलेल्या पिवळ्या. लंबमज्जेतल्या या हिरव्या पेशींचा एक गट हायपोथॅलॅमसला नॉरअॅड्रेनालिनची साद घालतो आणि व्हॅसोप्रेसिन रक्तात उतरतं, हे पुढच्या संशोधनात स्पष्ट झालं.

दाबाचं काम खरं की नाही, याची साक्ष उंदरांनी दिली. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरोजवळ १९६१ मध्ये जन्मजात व्हॅसोप्रेसिन नसलेले उंदीर सापडले होते. ते अफाट पाणी पीत. त्यांचं रक्त काढलं तर दाब इतर उंदरांसारखा भरून येत नसे. रक्ताचं आकारमान साधारण दहा टक्क्यांहून अधिक घटलं की व्हॅसोप्रेसिन इतकं झपाट्याने वाढतं, की एरवी प्रयोगशाळेतलीच वाटणारी मात्रा शरीर स्वतःच गाठतं. तेव्हा ते रक्तवाहिन्या आवळतं.

पण कोठार अमर्याद नाही. आघातावस्था (शॉक) लांबली की साठा आटतो, दाब पुन्हा घसरतो. म्हणून अमेरिकेत जबर जखमी, रक्तस्राव होणाऱ्या रुग्णांना अल्प मात्रेत व्हॅसोप्रेसिन देऊन पाहिलं गेलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत अशा रुग्णांना कमी रक्त चढवावं लागलं. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही.