जुनीं हवामान-टिपणें आणि त्यांची पाठचिकित्सा

इ. स. १८०२ ते १८०४ या सालांत महाराष्ट्रांत पडलेल्या दुष्काळाचीं दोन कारणें सांगण्यांत येतात. एक असें कीं, पाऊस पडला नाहीं. दुसरें असें कीं, ऑक्टोबर १८०२ मध्यें पुण्याच्या लढाईंत यशवंतराव होळकरांनीं शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा मोड केल्यावर सैन्यांनीं व पेंढाऱ्यांनीं मुलूख उजाड केला, आणि १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धानें उरलेलें संपविलें. दोन्ही कारणें खरीं असावींत हें उघड आहे; प्रश्न आहे तो प्रमाणाचा. वसुलींत सूट मागणारा पाटील अवर्षण वाढवून सांगणार आणि होळकरांचा द्वेष्टा लूट वाढवून सांगणार. साक्षीदाराचा हेतु जाणल्यावांचून साक्ष घेऊं नये, हें या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नको. मात्र ज्यास कांहींएक हेतु नाहीं असा एक साक्षीदार त्या काळींहि होता. तो म्हणजे वायुभारमापकांतील पारा.

त्या वर्षीं ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें इंग्लंड, हिंदुस्थान व चीन यांच्या दरम्यान ये-जा करीत होतीं, आणि त्यांपैकीं अनेकांच्या रोजनाम्यांत वाऱ्याबरोबर पाऱ्याची उंची व हवेचें उष्णमानहि टिपलेलें आहे. हे रोजनामे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. त्यांतील १७८९ ते १८३४ या काळांतल्या ८९१ वह्या उतरून काढण्यांत आल्या आणि सुमारे २,७३,००० निरीक्षणें हातीं आलीं. त्याचा वृत्तांत २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. जमिनीवर पाहूं गेल्यास मद्रास वेधशाळेचीं वायुभाराचीं टिपणें १७९६ पासूनचीं आहेत.

हीं टिपणें ज्या कामीं येतात त्यास पुनर्विश्लेषण म्हणतात. उद्यांचें हवामान वर्तविण्याचें जें गणित आज संगणकावर चालतें, तेंच गतकाळच्या दिवसांवर चालवावयाचें. प्रथम मागील कांहीं तासांच्या स्थितीवरून एक अनुमान काढावयाचें, मग त्याशेजारीं प्रत्यक्ष टिपणें ठेवावयाचीं, आणि जें टिपण जितकें विश्वसनीय तितकें अनुमान त्याच्याकडे झुकवून पुढच्या घटकेस लागावयाचें. ‘विसाव्या शतकाचें पुनर्विश्लेषण’ या नांवानें अमेरिकेंत जें कार्य झालें, त्यांत समुद्राच्या पृष्ठाचें उष्णमान व सागरी हिम हीं पायाभूत धरून वातावरणाचें म्हणून केवळ पृष्ठभागावरील वायुभाराचेंच टिपण घेतलें आहे. २०१९ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत प्रत्येक क्षणाच्या ऐंशी संहिता सिद्ध केल्या आहेत. टिपणें दाट असतील तेथें या संहिता एकवाक्यतेनें बोलतात. विरळ असतील तेथें परस्परांपासून फांकतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत संपादकानें एक पाठ वर घेतला व बाकीचे तळटिपांत दिले. येथें सर्व पाठ सारख्याच मानानें उभे आहेत. मला ही रीत अधिक प्रामाणिक वाटते, मग ती वाचावयास कितीहि गैरसोयीची असो.

या आवृत्तीचा नियमित भाग १८३६ पासून सुरू होतो व १८०६ ते १८३५ हा भाग केवळ प्रायोगिक आहे. म्हणजे आपल्या दुष्काळाचीं सालें उंबरठ्याच्या अगदीं पलीकडे राहिलीं आहेत. उंबरठा मागें सरकावयाचा तर जुनीं टिपणेंच हवींत, आणि येथें संग्राहकाचा संबंध येतो.

नुसता आंकडा उतरून घेतला म्हणजे टिपण घेतलें असें होत नाहीं. पारा उष्णतेनें फुगतो. तीस अंशांच्या हवेंत ७६० मिलिमीटरांचा स्तंभ सुमारे पावणेचार मिलिमीटर अधिक उंच दिसतो, आणि एवढ्या फरकानें शांत दिवस वादळी ठरूं शकतो. म्हणून यंत्रास जोडलेल्या तापमापकाचा रकाना गाळून केलेली नक्कल जवळजवळ निरुपयोगी होय. तसेंच समुद्रसपाटीजवळ दहा मीटर वर चढतांच पारा सुमारे पाऊण ते एक मिलिमीटर उतरतो. तेव्हां ‘यंत्र वरच्या माडीवर नेलें’ अशी समासांतली ओळ सबंध पानाइतकी मोलाची आहे.

वेळेची गोष्ट याहून नाजूक आहे. कर्नल विल्यम हेन्री सायक्स यानें १८२५ ते १८३० या वर्षांत दख्खनमध्यें केलेलीं निरीक्षणें लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८३५ सालीं प्रसिद्ध केलीं. वायुभाराची रोजची भरती-ओहोटी हा त्यांतील मुख्य विषय. आपल्या प्रदेशांत पारा सकाळीं व रात्रीं दहाच्या सुमारास चढलेला आणि पहाटे व दुपारीं चारच्या सुमारास उतरलेला असतो. दिवसाचा हा फरक दोन-तीन मिलिमीटर होतो. यापासून संशोधकास एक कसोटी मिळते. एखाद्या वहींत सकाळीं दहाचे व दुपारीं चारचे आंकडे महिनोन्‌महिने एकसारखे दिसले, तर तें टिपण यंत्राकडे न जातां मेजाशीं बसून भरलें असें समजावें. उलट, आंकड्यांत भरती-ओहोटी स्वच्छ दिसत असेल तर न लिहिलेली वेळहि त्यावरून अजमावतां येते. घड्याळ कोणतें, हेंहि पाहावें लागतें. हिंदुस्थानची प्रमाण वेळ १९०६ पासून लागू झाली, तरी तिच्याहून ३९ मिनिटें मागें असलेली मुंबईची वेळ १९५५ पर्यंत टिकून होती.

तारखेंत तर आपल्या मंडळींचा हात धरणारा कोणी नाहीं. वार सूर्योदयास बदलतो, मराठी कागदांतील चंद्र सूर्यास्तास बदलतो, हें मोडीच्या वाचकास ठाऊक असतें. खलाशांचा दिवस मध्याह्नीं बदलत असे. जहाजाच्या वहींतील ५ जून हा आपल्या ४ जूनच्या दुपारीं बारास सुरू होई. इंग्रजी राजनौकांवर ही रीत १८०५ मध्यें बंद झाली. व्यापारी जहाजांवर ती त्यानंतरहि चालली. हें विसरल्यास वादळ एक दिवस पुढें जातें.

आपल्या दफ्तरांत वायुभाराचे आंकडे नाहींत. पावसाचीं वाक्यें आहेत. तीं गणितांत घालतां येत नाहींत, पण गणित पडताळावयास येतात. जॉर्ज अ‍ॅडमसन व डेव्हिड नॅश यांनीं खासगी रोजनिशा, वृत्तपत्रें, मिशनऱ्यांचे कागद व सरकारी दफ्तर यांवरून पश्चिम हिंदुस्थानच्या १७८१ ते १८६० या काळांतील पावसाचा अंदाज बांधला आहे. मराठी पत्रांनीं त्यास पुष्कळ भर पडेल. अट एवढीच कीं, ‘मृग कोरडा गेला’ हें वाक्य आजच्या ७ जूनशीं जुळवूं नये. नक्षत्रें निरयन असल्यामुळें १८०३ सालीं मृग सुमारे तीन दिवस आधीं लागत असे.

ज्यांच्या संग्रहांत जुन्या मिशनचीं, गोदींचीं, रुग्णालयांचीं वा छावण्यांचीं हवामानाचीं बाडें असतील, त्यांनीं तीं सुटीं करूं नयेत, इंचांचे मिलिमीटर करूं नयेत आणि उघड चूक दिसली तरी पाठ दुरुस्त करूं नये. पावसाच्या रकान्यांत शून्य म्हणजे पाऊस पडला नाहीं आणि कोरी जागा म्हणजे कोणी पाहिलें नाहीं. यास्तव छायाचित्रें घेतांना कोरीं पानेंहि वगळूं नयेत.