हेडलाइट रिले
हेडलाइट रिले हा मोटारीच्या पुढील दिव्यांना बॅटरीतून थेट वीज मिळवून देणारा विद्युतचुंबकीय स्विच होय. अनेक जुन्या मोटारींत दिव्यांचा सगळा प्रवाह चालकासमोरील स्विचमधूनच जातो. ६०/५५ वॅटच्या दोन एच-४ बल्बांना जवळच्या झोतासाठी सुमारे ९ अँपिअर लागतात. लांब वायर व गंजलेले जोड यांमुळे दाब १० टक्के घटला, तरी प्रकाश सुमारे ३० टक्के कमी होतो. त्यामुळे पिवळट उजेडाचा दोष पुष्कळदा बल्बाचा नसतो. त्यावर लोकप्रिय असलेला १००/९० वॅटचा बल्ब उलट जुनी वायर, होल्डर आणि स्विच तापवतो.

रिले घरीही बसवता येतो. आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवतात. रिलेचे ३० क्रमांकाचे टोक फ्यूजमार्गे बॅटरीच्या धन टोकाला, ८७ दिव्याला, ८६ दिव्याच्या जुन्या वायरला व ८५ अर्थला जोडतात. फ्यूज बॅटरीलगतच असावा लागतो. अन्यथा वायर सांगाड्याला घासल्यास आग लागू शकते. जवळच्या व लांबच्या झोतासाठी स्वतंत्र रिले लागतात. दिव्याची अर्थ-वायरही बदलणे आवश्यक असते, आणि नेमके तेच विसरले जाते. काही जपानी मोटारींत स्विच अर्थच्या बाजूस असतो. तेथे ही जोडणी चालत नाही.