पडद्यावरून पानावर

मुलांच्या हातातील चित्रकथांच्या चोपड्या पाहून नाक मुरडणारी वडीलधारी मंडळी प्रत्येक पिढीत असतात. या चोपड्यांतही जिचा जन्म दूरदर्शनच्या पडद्यावर झाला, ती चोपडी तर त्यांच्या लेखी अगदीच कमअस्सल. आधी पुस्तक, मग त्यावरून नाटक-सिनेमा, हा झाला सरळ मार्ग. नाटक पाहून पुस्तक लिहायचे म्हणजे उलटी गंगा! परंतु महावीरांच्या चित्रकथांचा इतिहास चाळून पाहिला, तर ही गंगा प्रारंभापासूनच दोन्ही दिशांनी वाहत आली आहे असे दिसते.

सुपरमॅनचेच उदाहरण घ्या. तो अवतरला १९३८ साली, कागदावर. त्या वेळी त्याला उडता येत नव्हते. तो नुसत्या लांबलचक उड्या मारी. १९४१ मध्ये फ्लायशर बंधूंनी त्याची हलती चित्रे काढली, तेव्हा हा टोळासारखा टुणटुण उडणारा वीर फारच हास्यास्पद दिसू लागला, म्हणून त्याला सरळ आकाशात तरंगवला, असे सांगतात. पुढे कागदावरचा सुपरमॅनही उडू लागला. त्याला निर्बल करणारा क्रिप्टोनाइट नावाचा दगड तर आधी १९४३ मध्ये नभोवाणीवर आला आणि कागदावर यायला त्याला १९४९ साल उजाडले. म्हणजे लेकराने आईला दोन घास भरवावेत, तसा हा प्रकार.

दूरचित्रवाणी आल्यावर ही देवघेव वाढली. १९७३ मध्ये अमेरिकेत ‘सुपर फ्रेंड्स’ ही व्यंगचित्रमालिका सुरू झाली. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वूमन अशी सारी मंडळी एका छपराखाली नांदू लागली. तीन वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच नावाचे चित्रकथांचे मासिक निघाले आणि १९८१ पर्यंत त्याचे ४७ अंक प्रसिद्ध झाले. त्याच १९८१ साली स्पायडरमॅनच्या एका मालिकेसाठी फायरस्टार नावाची अग्निकन्या नव्याने कल्पिली गेली. मूळ चित्रकथांत तिला स्थान मिळाले ते १९८५ मध्ये.

पण या साऱ्या घराण्यात भाग्य फळफळले ते हार्ले क्विनचे. सप्टेंबर १९९२ मध्ये बॅटमॅनची नवी व्यंगचित्रमालिका सुरू झाली. पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांनी तीत जोकरच्या हाताखाली एक विदूषकी वेषातली बाई आणली. एका भागापुरती आलेली ही पाहुणी कायमची राहिली. त्या मालिकेवरून निघालेल्या ‘बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’ या मासिकाने तिला १९९३ मध्ये कागदावर आणले, १९९४ मध्ये तिची कुळकथा सांगणारे स्वतंत्र पुस्तक निघाले आणि १९९९ मध्ये बॅटमॅनच्या मूळ घराण्यातही तिचा गृहप्रवेश झाला.

या मासिकाचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. इतकी चित्रे काढायची तर प्रत्येकातली रेघ कमी करावी लागते. म्हणून मालिकेतला बॅटमॅन मोजक्या ठसठशीत रेषांत उभा राहिला, आणि मासिकाच्या चित्रकारांनी तीच रेषा उचलली. जाणत्यांना ती बाळबोध वाटली असेल. पण जे चित्र थोड्या रेषांत उभे राहते, ते आठ वर्षांच्या पोराला वहीच्या मागल्या पानावर गिरवता येते. हे लहानसहान दान नव्हे.

आता आपल्या घरी येऊ. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केली. तिच्या मराठी आवृत्तीतून फँटम मराठी बोलू लागला. तिच्या कामात असलेले अनंत पै १९६७ मध्ये दिल्लीत गेले असता त्यांनी दूरदर्शनवर प्रश्नमंजूषेचा एक कार्यक्रम पाहिला. ग्रीक देवदेवतांची माहिती घडाघडा सांगणाऱ्या मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता येईना. त्यातून ‘अमर चित्रकथे’चा जन्म झाला. मुंबईत दूरदर्शन यायला तेव्हा अजून पाच वर्षे होती. ते आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आपल्याकडच्या या सर्वांत नामांकित चित्रकथामालेचे बीजही, पाहा, पडद्यासमोरच रुजले होते.

कांदिवलीत आम्ही मुले वाढलो ती १९८०-९० च्या दशकात. चारचौघांत एखादा दूरदर्शन संच. त्यावर स्पायडरमॅन येई, ही-मॅन येई. भाग संपला की संपला. पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. म्हणूनच रद्दीच्या दुकानातल्या, भाड्याने मिळणाऱ्या चोपड्यांना मोल होते. पडद्यावर धावून गेलेला वीर कागदावर थांबत असे. त्याला मागे नेता येई, शेजारच्या मित्राला उसना देता येई. १९९७ मध्ये मुकेश खन्नांचा शक्तिमान आला आणि त्याच्याही चित्रकथा निघाल्या. तो माणसांनी वठवलेला होता. व्यंगचित्रांच्या रूपात तो अवतरला २०११ मध्ये. २००८ मध्ये हैदराबादच्या ग्रीन गोल्ड या संस्थेने ‘छोटा भीम’ पडद्यावर आणला आणि लाडू खाऊन बळ कमावणारा हा ढोलकपूरचा पोरगाही चोपडीत शिरला. ‘मोटू-पतलू’ मात्र जुन्या वळणाचे. ‘लोटपोट’ या हिंदी नियतकालिकातून उठून ते २०१२ मध्ये पडद्यावर गेले.

आज हवा तो भाग हव्या त्या वेळी फोनवर दिसतो. मग गेलेला भाग थांबवून ठेवण्याचे चोपडीचे जुने काम संपले काय? ते संपले. पण दुसरे, त्याहून मोठे काम उरले आहे. माझ्या वर्गातली मुले घरी मराठी बोलतात, महावीरांना हिंदीत ऐकतात आणि त्यांची पुस्तके मिळालीच तर इंग्रजीत चाळतात. या तीन भाषांच्या तिठ्यावर मराठी वाचन ताटकळत उभे आहे. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद वाचताना अडखळणारे मूल संवादाच्या फुग्यातली चार शब्दांची ओळ सहज वाचते. कारण बोलणारा त्याच्या ओळखीचा असतो. आवाज त्याने आधीच ऐकलेला असतो, डोळ्यांनी फक्त अक्षर जुळवायचे असते. ज्या चोपडीला आपण कमअस्सल म्हणतो, तिचे हेच तर बळ आहे.

गेल्या वर्षी पाचवीतल्या एका मुलाने चार कोरे कागद दुमडून, मधोमध शिवून माझ्या टेबलावर ठेवले. छोटा भीम पोईसर नदीतला कचरा उपसत होता, आणि पुलावर उभ्या राहून पिशव्या टाकणाऱ्यांना अस्सल कांदिवलीच्या मराठीत दम देत होता. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. मी लाल पेन उचलले नाही. वर्गात ती वही हातोहात फिरली. एरवी वाचायला उभे केले की खाली पाहणारी दोन मुलेही ती मोठ्याने वाचत होती.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळाच्या ताटाशेजारी एखादे मूल अशी चोपडी उघडून बसलेले दिसले, तर ती मिटायला सांगू नका. ती मराठीत असेल तर शेजारी बसून दोन पाने ऐका. नसेल, तर ती कथा त्याच्याकडून मराठीत वदवून घ्या. महावीर आजवर रेषेतून पडद्यावर गेले, पडद्यावरून पानावर आले. पानावरून जिभेवर येण्याचा शेवटचा टप्पा प्रकाशकांच्या हाती नाही, आपल्याच घरात आहे.