तोक्योतील उर्दू शिक्षक आणि अटल सेतूचे कर्ज

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. त्यानंतर काही दिवसांनी नववीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, हा पूल बांधायला जपानने पैसे का दिले?" मी काही बोलण्याआधीच मागच्या बाकावरून उत्तर आले, "दोस्त आहे ना आपला!" वर्ग हसला आणि तेवढ्यात घंटा झाली. त्या मुलाला नीट उत्तर द्यायचे राहूनच गेले.

कळंबोलीत राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न दूरचा नाही. शिवडीहून निघणारा हा पूल उरणच्या बाजूला चिर्ले येथे उतरतो. त्याच्या खर्चाचा मोठा भाग 'जायका' या जपानी सरकारी संस्थेच्या कर्जातून आला. दिल्लीजवळच्या दादरीहून जेएनपीटीपर्यंतचा मालवाहू रेल्वेमार्ग, कुलाबा ते सीप्झ ही भुयारी मेट्रो आणि अहमदाबादची बुलेट ट्रेन यांनाही जपानी कर्जाचाच आधार आहे. हे कर्ज समजून घ्यायचे तर जपानचे राजकारण समजून घ्यावे लागते, आणि त्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

१८६८ च्या मेजी क्रांतीनंतर जपानने शाळा, कारखाने, लष्कर आणि आरमार झपाट्याने उभे केले. १८८९ मध्ये राज्यघटना आली, संसद आली. पण लष्कर थेट सम्राटाला जबाबदार राहिले. ही फट पुढे फार महाग पडली. या काळात आपला जपानशी संबंध होता तो कापसाचा. जपानी गिरण्यांना आपला कापूस हवा होता, आणि इंग्रज जहाज कंपन्यांचे भाडे परवडत नव्हते. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी 'निप्पॉन युसेन काइशा' या जपानी कंपनीशी हातमिळवणी केली आणि मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू झाली.

मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या समुद्रात जपानने रशियाचे आरमार बुडवले. एका आशियाई देशाने युरोपीय सत्तेला हरवले, याचा आनंद पुण्यापासून कैरोपर्यंत साजरा झाला. मुसलमानांचा आनंद तर काही औरच होता, कारण रशिया हा तुर्कांचा जुना वैरी. जपानचा सम्राट इस्लाम कबूल करणार, अशा अफवाही काही मुस्लिम देशांत पसरल्या. जपानच्या रूपाने आशियाला तारणहार मिळाला, असे पुष्कळांना वाटले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानने काय केले, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिले. ब्रिटनशी १९०२ मध्ये केलेल्या कराराचे त्याने नूतनीकरण केले आणि त्यात हिंदुस्थानचा समावेश झाला. ब्रिटनने कोरियात जपानला मोकळा हात द्यायचा आणि जपानने हिंदुस्थानातील ब्रिटिश हितसंबंधांना मान्यता द्यायची, असा तो सौदा होता. ज्यांच्या विजयाचे पेढे आपण वाटत होतो, तेच आपल्या गुलामीचे जामीनदार झाले होते.

या कराराची झळ एका उर्दू शिक्षकाला बसली. मौलवी बरकतुल्लाह भोपाली १९०९ मध्ये तोक्योला गेले आणि तेथील परदेशी भाषांच्या शाळेत हिंदुस्थानी, म्हणजे आपली उर्दू, शिकवू लागले. सोबत ते 'इस्लामिक फ्रॅटर्निटी' नावाचे इंग्रजी पत्र चालवत. त्यातून इंग्रज सत्तेवर टीका होई. ब्रिटिश सरकारने तक्रार केली. १९१२ मध्ये पत्र बंद पडले आणि १९१४ मध्ये नोकरीही गेली. मौलवीसाहेब अमेरिकेत गदर चळवळीत गेले. डिसेंबर १९१५ मध्ये काबूल येथे राजा महेंद्रप्रताप यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या हंगामी आझाद हिंद सरकारचे ते पंतप्रधान झाले. याच १९१५ च्या फेब्रुवारीत सिंगापूरमध्ये इंग्रजांच्या पलटणीतील हिंदी मुसलमान शिपायांनी बंड केले. ते मोडायला जी परदेशी जहाजे आली, त्यांत जपानी जहाजेही होती.

जपानला मुसलमानांशी वैर नव्हते. त्याला त्या वेळी ब्रिटनची गरज होती, एवढेच. वीस वर्षांनी गरज बदलली. १९३१ मध्ये मांचुरिया घेतल्यावर आणि १९३७ मध्ये चीनशी युद्ध पुकारल्यावर जपानला आशियातील मुसलमान जवळचे वाटू लागले. कोबेची मशीद १९३५ मध्ये तातार आणि हिंदी व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून उभी राहिली होती. १९३८ मध्ये तोक्योत मशीद उघडली, तेव्हा तिचा प्रचारासाठी उपयोग करायला जपानी लष्करशहा तयारच होते. 'आशिया आशियाई लोकांसाठी' असे म्हणत हे सैन्य जावा आणि मलायात उतरले. तेल आणि रबर त्यांना हवे होते. तेथील हजारो मुसलमान वेठबिगारीत मेले.

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी बेचिराख झाली. ३ मे १९४७ पासून नवी राज्यघटना लागू झाली. तिच्यात सम्राट केवळ प्रतीक उरला. संसद सर्वोच्च झाली आणि पंतप्रधान संसदेतून निवडला जाऊ लागला. नवव्या कलमाने युद्धाचा हक्क सोडून दिला. १९५१ मध्ये अमेरिकेशी सुरक्षा करार झाला. पंतप्रधान योशिदा यांचा हिशेब साधा होता: संरक्षण अमेरिकेने सांभाळावे, आम्ही कारखाने सांभाळतो. १९५५ मध्ये लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन झाला, आणि १९९३-९४ व २००९ ते २०१२ ही दोन खंडांची वर्षे सोडली तर तेव्हापासून देशाची सूत्रे मुख्यतः त्याच पक्षाकडे राहिली आहेत. पंतप्रधान वारंवार बदलतात, धोरण हळू बदलते, याचे एक कारण हे आहे.

कारखान्यांना लोखंड आणि तेल लागते. जपानकडे दोन्ही जवळजवळ नाही. १९५० च्या दशकात पोर्तुगीज अंमलाखालच्या गोव्यातील खाणींना जो बहर आला, तो प्रामुख्याने जपानी पोलाद कारखान्यांच्या मागणीमुळे. तेलाची गोष्ट आणखी बोलकी आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि नोव्हेंबरमध्येच जपानने जाहीर केले, की इस्रायलने १९६७ मध्ये व्यापलेला प्रदेश सोडावा. अमेरिकेचा एवढा जवळचा साथीदार, पण टाकी रिकामी होताच वेगळे बोलला.

आता कर्जाकडे येऊ. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहात भारत सामील झाला नाही. १९५२ मध्ये त्याने जपानशी स्वतंत्र तह केला आणि युद्धाची भरपाई मागितली नाही. १९५८ मध्ये जपानने परदेशाला दिलेले पहिले येन-कर्ज भारतालाच मिळाले. पुढे मे १९९८ मध्ये पोखरण येथे अणुचाचण्या झाल्या आणि अणुबॉम्बचा दाह सोसलेल्या जपानने नवी कर्जे थांबवली. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेने निर्बंध उठवले; पुढच्याच महिन्यात जपाननेही उठवले.

ऑगस्ट २००७ मध्ये पंतप्रधान शिंझो आबे आपल्या संसदेत बोलले. भाषणाचे शीर्षक होते 'दोन समुद्रांचा संगम', आणि ते त्यांनी शहजादा दारा शुकोह याच्या 'मजमा-उल-बहरैन' या ग्रंथावरून घेतले होते. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हे ऐकून बरे वाटणारच, मलाही वाटले. पण दाराच्या ग्रंथात सूफी आणि वेदान्त यांचा संगम आहे, आबेंच्या भाषणात हिंदी आणि प्रशांत महासागरांचा. जपानचे तेल याच पाण्यातून जाते आणि चीनचे आरमार याच पाण्यात वाढते आहे. २०१४ मध्ये आबे सरकारने नवव्या कलमाचा अर्थ बदलून मित्रदेशाच्या मदतीला सैन्य वापरण्याची वाट काढली. २०२२ मध्ये संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले.

बुलेट ट्रेनसाठी २०१५ मध्ये ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीचे कर्ज कबूल झाले, ते या पार्श्वभूमीवर. अशा कर्जांना अटीही असतात. दादरी-जेएनपीटी मार्गाच्या कर्जात मुख्य कंत्राटदार जपानी असणे आणि कामाचा ठरावीक वाटा जपानकडून घेणे बंधनकारक होते. व्याज कमी पडते, तर काम त्यांच्या कंपन्यांना मिळते.

यात लबाडी काही नाही. पूल पक्का आहे, आपल्या कामाचा आहे, आणि कर्ज स्वस्त आहे. माझी तक्रार आपल्याच एका जुन्या सवयीबद्दल आहे. कधी खलिफा, कधी जपान, कधी तेलवाले अरब देश, असा बाहेरचा कोणीतरी आपल्यासाठी उभा राहील, ही आशा आपल्या समाजाने पुन्हा पुन्हा केली. १९०५ च्या ऑगस्टमधला करार वाचला असता तर तोक्योत काय होणार, याचा अंदाज बरकतुल्लाहसाहेबांच्या चाहत्यांना आधीच आला असता.

त्या मुलाला आता मी सांगेन, "बेटा, जपानला चीनच्या शेजारी एकटे राहायचे नाही, त्याच्या कंपन्यांना काम हवे आहे आणि आपल्याला पूल हवा होता. दोघांची गरज आज जुळली आहे. ती कुठवर जुळते, हे पाहायचे तर भाषण ऐक, पण करारही वाच."