पूर्वनिर्मित की गतिमान? संकेतस्थळाची रचना आणि भोकरदन तालुक्यातील सातबारा

प्रस्तावना :
भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत येथील दात्यांचा उल्लेख येतो. दगडात कोरलेला तो मजकूर स्थिर राहिला, म्हणूनच आज तो इतिहासाचे साधन ठरतो. संकेतस्थळावरील पान मात्र क्षणोक्षणी बदलू शकते. असे पान आधीच तयार करून ठेवावे की मागणीच्या क्षणी घडवावे, हा प्रश्न केवळ तांत्रिक मानला जातो. वस्तुतः तो अभिलेखांच्या विश्वासार्हतेचाही प्रश्न आहे. सातबाराच्या आधारे हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन पद्धतींचा विकास :
१९९१ मध्ये सर्न संस्थेतील टिम बर्नर्स-ली यांचे वेब सर्वांसाठी खुले झाले. तेव्हाची पाने म्हणजे सर्व्हरवर तयार ठेवलेल्या फाइली होत्या. १९९३ मध्ये अमेरिकेतील एनसीएसए संस्थेत सीजीआय ही पद्धत आकारास आली आणि मागणी येताच आज्ञावली चालवून पान घडविणे शक्य झाले. १९९५ मध्ये रासमस लेर्डॉर्फ यांनी पीएचपी प्रसिद्ध केली. पुढे डेटाबेसमधून तत्क्षणी पान तयार करण्याची प्रथा रूढ झाली. माहिती ताजी मिळू लागली, परंतु सर्व्हरवरील भारही वाढला. २००८ मध्ये आलेल्या जेकिलसारख्या साधनांनी पाने आधीच घडवून ठेवण्याची रीत पुन्हा पुढे आणली. म्हणजेच एक पद्धत लोपली व दुसरी आली, असा हा सरळ प्रवास नाही.

सातबाराचा दाखला :
गाव नमुना सात हा जमिनीचा अधिकार अभिलेख, तर नमुना बारा ही पिकांची नोंदवही होय. हस्तलिखित सातबारावर फेरफार प्रमाणित झाल्यावर जुन्या खातेदाराच्या नावास कंस केला जाई व फेरफार क्रमांक नोंदविला जाई. त्यामुळे चालू स्थिती आणि तिचा पूर्वेतिहास एकाच कागदावर दिसत असे. २०२० मध्ये मान्य झालेल्या नव्या नमुन्यात कंसाची जागा आडव्या रेषेने घेतली. जुने नाव वाचता यावे हे तत्त्व कायम राहिले.

महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा विनामूल्य पाहता येतो, परंतु तो केवळ माहितीसाठी असतो. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाराचा प्रारंभ झाला. स्वाक्षरी झालेल्या अशा दस्तऐवजातील एक अक्षर जरी बदलले, तरी पडताळणी निष्फळ ठरते. तो त्या दिवसापुरता गोठविलेला मजकूर असतो.

येथे दोन्ही पद्धतींच्या मर्यादा दिसतात. भोकरदन तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याने जमीन विकली आणि फेरफार प्रमाणित होण्यापूर्वीचा उतारा कोणी जवळ बाळगला, तर तो उतारा खोटा नसतो. तो शिळा असतो. जमीन घेणाऱ्यास आजची नोंदच पाहावी लागते. उलट, अमुक दिवशी बोजा होता काय, असा वाद न्यायालयात उपस्थित झाल्यास आजचे पान पुरेसे ठरत नाही. त्या दिवसाची प्रत लागते.

मुद्रित ग्रंथांचेही असेच आहे. १९७७ च्या औरंगाबाद जिल्हा गॅझेटियरमध्ये भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात आहे, कारण जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. आज ती माहिती कालबाह्य असली, तरी अभ्यासकास ती मोलाची आहे. तेच पान संकेतस्थळावर असते आणि जुनी आवृत्ती न जपता दुरुस्त झाले असते, तर तो पुरावा उरला नसता.

समारोप :
सारांश, निवड वेगावर किंवा खर्चावर सोडून भागत नाही. जेथे निर्णय आजच्या स्थितीवर अवलंबून असतो, तेथे गतिमान पान हवे. जेथे पुढे साक्ष द्यावी लागणार आहे, तेथे दिनांकित, स्थिर प्रत हवी. आपल्या महाविद्यालयांच्या संकेतस्थळांनाही हे लागू आहे. प्रवेशाच्या रिक्त जागा क्षणोक्षणी बदलतात, त्या तशाच दाखवाव्यात. परंतु गुणवत्ता यादी दिनांकासह गोठवावी आणि सुधारित यादी आली तरी पहिली काढून टाकू नये. जिचे नाव वगळले गेले, त्या विद्यार्थिनीजवळ दाद मागण्यासाठी दुसरा आधार नसतो.