सिक्वोयाची ८५ अक्षरे

पहिलीच्या वर्गात बाराखडी शिकवताना एक गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की तिचे नवलच वाटत नाही. ‘ग’ला उकार दिला की ‘गु’, काना-मात्रा दिली की ‘गो’. मूळ अक्षर तेच, खूण तेवढी बदलते. ही सोय ब्राह्मी लिपीपासून दोन हजारांहून अधिक वर्षांचा प्रवास करून आपल्यापर्यंत आली आहे. पण ज्याला कोणतीही भाषा लिहिता-वाचता येत नाही, अशा एकट्या माणसाने आपल्या भाषेसाठी लिपी तयार केली, असे कधी घडले असेल का? घडले आहे, आणि तेही फार जुन्या काळात नव्हे.

उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागात, आजच्या टेनेसी, जॉर्जिया, अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांच्या प्रदेशात, चेरोकी लोकांची गावे होती. १७७०च्या सुमारास तेथे जन्मलेला सिक्वोया पायाने अधू होता. चांदीचे दागिने घडवणे आणि लोहारकाम हा त्याचा धंदा. इंग्रजी त्याला येत नव्हते. गोरे लोक कागदावर खुणा करतात आणि दूरच्या माणसाला त्यातून निरोप कळतो, हे मात्र त्याने पाहिले होते. अशा कागदांना चेरोकी लोक ‘बोलणारी पाने’ म्हणत. अनेकांना ती जादू वाटे. सिक्वोयाला वाटले की ही जादू नाही, हे एक कसब आहे. आणि कसब म्हटले की ते साधता येते. १८०९च्या सुमारास तो कामाला लागला.

सुरुवातीला त्याने दर शब्दाला एक खूण करून पाहिली. खुणा वाढतच गेल्या आणि लक्षात राहीनात. मग तो बोलणे कान देऊन ऐकू लागला. शब्द हजारो असले, तरी ते मोजक्याच आवाजांच्या तुकड्यांनी बनतात, हे त्याच्या ध्यानात आले. चेरोकीत स्वर सहा, व्यंजने थोडी, आणि बहुतेक प्रत्येक तुकडा स्वराने संपतो. त्यामुळे असे तुकडे शंभराच्या आतच भरतात. त्याने दर तुकड्याला एक अक्षर दिले. ‘स्’ हा आवाज दुसऱ्या व्यंजनाआधी वारंवार येतो, म्हणून त्याचे एक सुटे अक्षरही ठेवले. सुरुवातीला ८६ अक्षरे झाली, पुढे ८५ वापरात राहिली. मराठीसाठी हाच मार्ग धरला असता तर तीस-पस्तीस व्यंजने आणि दहा-बारा स्वर मिळून तीन-चारशे निरनिराळ्या आकृत्या पाठ कराव्या लागल्या असत्या, आणि जोडाक्षरे त्याहून वेगळी! लिपीची घडण भाषेच्या घडणीवर कशी अवलंबून असते, हे यावरून कळते.

काही आकृत्या त्याने छापील इंग्रजी मजकुरावरून उचलल्या, पण त्यांचे उच्चार त्याला ठाऊकच नव्हते. म्हणून या लिपीत इंग्रजी ‘ए’सारखे दिसणारे अक्षर ‘गो’ असे वाचतात, ‘जे’सारखे दिसणारे ‘गु’ आणि ‘डब्ल्यू’सारखे दिसणारे ‘ला’. ‘गो’ आणि ‘गु’ यांच्या आकृतींत काहीही साम्य नाही. येथे बाराखडी नाही. प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे शिकायचे.

ही लिपी त्याच्याकडून सर्वांत आधी शिकली ती त्याची लहान मुलगी अयोका. १८२१ साली चेरोकी पुढाऱ्यांसमोर परीक्षा झाली. असे सांगतात, की बापलेकीला एकमेकांपासून दूर बसवून एकाला मजकूर सांगितला आणि त्याने लिहिलेला कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला. मजकूर बरोबर निघाला, आणि शंका घेणारे स्वतःच शिकायला बसले.

पुढे जे घडले ते शिक्षकांनी आवर्जून लक्षात घ्यावे असे आहे. ही लिपी पसरली ती शाळांवाचून. एकाने दुसऱ्याला शिकवावे, दुसऱ्याने तिसऱ्याला. काही आठवड्यांत मोठी माणसे पत्रे लिहू लागली. मिशनच्या शाळा कितीतरी आधीपासून इंग्रजी शिकवत होत्या. तरी १८३५च्या शिरगणतीत इंग्रजी वाचणाऱ्यांपेक्षा चेरोकी वाचणारे कितीतरी अधिक भरले. कारण साधे होते. शिकणाऱ्याला भाषा आधीच येत होती. शिकायच्या होत्या फक्त खुणा.

२१ फेब्रुवारी १८२८ रोजी जॉर्जियातील न्यू एकोटा या चेरोकी राजधानीत ‘चेरोकी फिनिक्स’ या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. मजकूर चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होता. संपादक एलायस बुडिनॉट स्वतः चेरोकी. या कामात त्यांना मदत करणारे मिशनरी सॅम्युएल वूस्टर यांनी बॉस्टनमध्ये खिळे पाडून घेतले होते.

लेखी राज्यघटना, वृत्तपत्र, साक्षर प्रजा, सारे होते. तरीही जमीन वाचली नाही. १८३०मध्ये अमेरिकी काँग्रेसने आदिवासींना मिसिसिपीच्या पश्चिमेला हलवण्याचा कायदा केला. १८३२मध्ये वूस्टर यांच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जियाचे कायदे चेरोकी भूमीत लागू होत नाहीत असा निकाल दिला, पण तो अमलात आला नाही. १८३५मध्ये जॉर्जियाच्या शिपायांनी छापखाना जप्त केला. १८३८-३९मध्ये सुमारे सोळा हजार लोकांना आजच्या ओक्लाहोमाकडे हाकलण्यात आले. त्यात सुमारे चार हजार माणसे दगावली असे मानतात.

नव्या जागी, टॅलेक्वा येथे, चेरोकींनी पुन्हा घडी बसवली. १८४१मध्ये स्वतःची शाळाव्यवस्था उभारली, १८४४मध्ये ‘चेरोकी अॅडव्होकेट’ हे वृत्तपत्र काढले. मात्र याच काळात एक वेगळी गोष्ट घडत होती. १८५१मध्ये चेरोकींनीच मुलींसाठी काढलेल्या नामांकित विद्यालयात शिक्षण इंग्रजीत होते, चेरोकी भाषा शिकवली जात नव्हती. प्रगती म्हणजे इंग्रजी, असे समीकरण पुढाऱ्यांच्या मनात बसू लागले होते. १८९८च्या कायद्याने चेरोकींची न्यायालये मोडीत काढली आणि शाळांवरचा त्यांचा ताबाही काढून घेतला. १९०६मध्ये वृत्तपत्र थांबले, १९०७मध्ये ओक्लाहोमा राज्य झाले. सरकारी वसतिशाळांत आपली भाषा बोलणाऱ्या आदिवासी मुलांना शिक्षा होत असे. अशा शाळांतून शिकून मोठे झालेल्या अनेकांनी पुढे स्वतःच्या मुलांशी इंग्रजीच बोलणे पसंत केले. आपण भोगले ते मुलांना नको, एवढाच त्यामागचा विचार होता. पण साखळी तुटली ती तेथे.

लिपी मात्र नाहीशी झाली नाही. वैदूंच्या वह्यांत, पत्रांत, बायबलात ती टिकली. १९७५मध्ये डर्बिन फीलिंग यांचा चेरोकी-इंग्रजी कोश निघाला. १९९९मध्ये युनिकोडमध्ये आणि २०१०मध्ये आयफोनवर ही अक्षरे आली. तरीही २०१९मध्ये तिन्ही चेरोकी संघटनांना आपल्या भाषेसाठी आणीबाणी जाहीर करावी लागली. एकट्या ओक्लाहोमातील चेरोकी नेशनचे सभासद आज साडेचार लाखांहून अधिक आहेत, पण अस्खलित बोलणारे त्या वेळी जेमतेम दोन हजार उरले होते, आणि त्यांतले बहुतेक साठीपुढचे होते.

म्हणून आता प्रयत्नांची दिशा बदलली आहे. टॅलेक्वात २००१पासून बालवर्गातील मुलांशी दिवसभर चेरोकीतच बोलण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यातून गणित-विज्ञानही चेरोकीत शिकवणारी शाळा उभी राहिली. त्यासाठी नवे शब्द घडवावे लागतात, जाणत्या म्हाताऱ्यांना सोबत घेऊन. तरुण मंडळींना नोकरीसारखा मोबदला देऊन आठवड्याला चाळीस तास, दोन वर्षे, जाणत्यांबरोबर बसवले जाते.

सिक्वोयाच्या लिपीने भाषा कागदावर सुरक्षित ठेवली. पण भाषा पुढच्या पिढीत जाते ती मुलांच्या तोंडून. शाळेवाचून साक्षर झालेल्या या समाजाची भाषा शाळेनेच अडवली, आणि आता ती शाळेतूनच परत आणावी लागत आहे. आपल्या वर्गातही घरी गोंडी, कोरकू, कोलामी किंवा भिली बोलणारी मुले असतात. त्यांच्या भाषेत ‘पाणी’, ‘झाड’, ‘आई’ यांना काय म्हणतात, हे विचारून फळ्यावर लिहायला पाच मिनिटे पुरतात. आपली भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवून यायची नसते, एवढे त्या मुलांना त्यातून कळेल.